पुण्यात एकटं राहून रोज एक फळ खायचं कसं

आमच्या घरी फळं यायची ती तीनच कारणांनी. कुणी दवाखान्यात असलं की, सत्यनारायण असला की, नाहीतर एकादशीला. मी रावेरकडचा. केळी आमच्याकडे फळात धरतच नाहीत, ती म्हणजे शेतातला माल. घड मोजायचे, भाव बघायचा, सावद्याला गाडी भरायची. लहानपणी येता-जाता दिवसाला तीन-चार केळी पोटात जायची आणि आपण फळ खातोय हे ध्यानीमनीही नसायचं.

पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आलो आणि तेही संपलं. सकाळी पोहे, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव नाहीतर क्रीमरोल, रात्री मेस. नऊ वर्षं हेच चाललं. मग कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी, ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चालायला सांगितलं, चहाची साखर कमी करायला सांगितली आणि म्हणाले, "रोज एक अख्खं फळ खा, रस नको."

एवढं सोपं वाक्य, पण ते जमायला मला चार महिने लागले. पहिल्याच रविवारी उत्साहात तीन किलो फळं आणली. गुरुवारी फ्रीजवरच्या पिशवीतून पाणी गळायला लागलं आणि रूममेटने नाकाला रुमाल लावून ती कचऱ्यात टाकली. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला पुणं माहीत आहे. नाशिक-मुंबईत जागांची नावं बदलतील, बाकी सगळं तसंच.

सुरुवातीला काय काय हवं

- कापडी पिशव्या दोन. एक जड फळांना, एक नाजूक फळांना.
- जाळीची टोपली, नाहीतर रुंद तोंडाची परात. फळांना वारा लागला पाहिजे.
- धारेची लहान सुरी आणि एक पाट. मेसची सुरी सीताफळालाही हरते.
- झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, ऑफिसला न्यायला.
- तिखट-मीठ एकत्र केलेली पुडी. पेरूला लागतेच.
- गेल्या सहा महिन्यांतला रक्ताचा रिपोर्ट. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि हिमोग्लोबिन एवढं त्यात असलं की पुरे.

१. आधी रिपोर्ट दाखवा, मग पिशवी उचला

फळ खायला डॉक्टरला काय विचारायचं, असं मलाही वाटायचं. बहुतेकांना खरंच गरज नसते. पण तीन प्रकारच्या माणसांनी विचारलंच पाहिजे.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळं, नारळपाणी यांतलं पोटॅशियम शरीराबाहेर टाकणं जड जातं. अशा माणसाने कोकणात अंगणात मिळणारं करमळ, ते आडवं कापलं की चांदणी दिसणारं आंबट फळ, तोंडालाही लावू नये. मूत्रपिंड कमजोर असताना ते थेट मेंदूवर परिणाम करू शकतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूट आणि पपनसाबद्दल विचारून घ्या, त्या फळांमुळे रक्तात औषधाचं प्रमाण वाढतं. आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर कुठलं फळ, किती आणि कधी हे ठरवून घ्या. मधुमेह म्हणजे फळ बंद, असं आपल्याकडे शेजारीपाजारी सांगतात. डॉक्टर सहसा तसं सांगत नाहीत, ते माप ठरवून देतात.

२. किती खायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात त्यांनी फळं १०० ग्रॅम धरली आहेत आणि भाज्या ४०० ग्रॅम. हे आकडे मी दोनदा वाचले, कारण मला उलटं वाटत होतं. १०० ग्रॅम म्हणजे सोललेलं एक मध्यम केळं. किंवा मध्यम पेरू. किंवा वाटीभर पपई.

म्हणजे फळाचं काम एवढंसंच आहे. रात्री भाजी न खाता फळांची मोठी थाळी खाल्ली की तब्येत सुधारते, हा मी दोन आठवडे केलेला मूर्खपणा आहे. रात्री अकराला भूक लागायची आणि फरसाणाचा डबा उघडायचा. भाजी-आमटी आहे तशीच ठेवा आणि फळ त्यात भर म्हणून घ्या.

३. वेळ एकच ठरवा

सकाळी उपाशीपोटीच खा, जेवणानंतर कधीच नको, सूर्यास्तानंतर तर विषच, असे सगळे नियम तुमच्यापर्यंत येतील. मी पाळायचा प्रयत्न केला आणि त्या नादात फळ खाणंच राहून गेलं. तुम्हाला भूक कधी लागते ते बघा आणि ती वेळ फळाला द्या. मला साडेपाचला लागते, तेव्हा ऑफिसखालच्या टपरीवर वडे तळायला घेतात. पाच वाजताच डबा उघडून पेरू खाल्ला की वड्याचा वास नुसता वास उरतो. कधीकधी तरीही वडा खातो, पण दोनऐवजी एक.

एक वेळ मात्र मुद्दाम साधण्यासारखी आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबत क जीवनसत्त्वाचं काहीतरी घ्या: पेरूच्या फोडी, संत्रं, आवळा, काहीच नसेल तर वरणावर लिंबू. पालेभाजी-डाळींतलं लोह त्यामुळे चांगलं शोषलं जातं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की ते शोषणं अडतं. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्या बरोबर होत्या. पोह्यांबरोबर चहा देणाऱ्याही त्याच होत्या, तेवढं सोडून द्या.

४. घ्यायचं कुठून

नवीन माणूस पहिल्यांदा मार्केट यार्डात जातो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की तिथे स्वस्त मिळतं. मिळतं, पण गुलटेकडीचा तो बाजार मुळात घाऊक आहे. पेटी नाहीतर क्रेट उचलावं लागतं. एकट्याने दहा किलो संत्री आणून काय करायचं? तीन-चार खोल्यांनी मिळून जायचं असेल तर जरूर जा, सकाळी लवकर.

रोजच्यासाठी तुमच्या रस्त्यावरची एकच हातगाडी पकडा. दोन महिने त्याच माणसाकडून घ्या. तिसऱ्या महिन्यात तो स्वतःच सांगतो, "आज पपई नका नेऊ, उद्या नवा माल आहे." हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. ॲपवरून मागवायचंच असेल तर केळी, डाळिंब, सफरचंद अशी धक्का सोसणारी फळं मागवा. अंजीर आणि स्ट्रॉबेरी मागवून पस्तावलेला माणूस तुमच्याशी बोलतोय.

सीताफळ आणि अंजिराच्या दिवसांत पुरंदरकडच्या बायका पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. सासवडच्या बाजूचा हा माल पुण्याला जवळचा आणि ताजा, पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. तिथे नाकापेक्षा मोती जड होईल एवढी घासाघीस करू नका. भाव बोलायचा तो वाट्याचा बोला आणि वाटा उचलायच्या आधी खालची फळं वर करून बघा.

हातगाडीवर दोन गोष्टींत फसगत होते. पिशवीत टाकताना वरची चार फळं तुमच्या समोरची असतात आणि खालची दोन त्याच्या मागच्या ढिगातली, म्हणून स्वतः निवडून हातात द्या. आणि वजनकाटा शून्यावर आहे ना, ते फळं ठेवायच्या आधी बघा. दोन्ही गोष्टी हसतमुखाने करता येतात.

५. हातात घेऊन पारखायचं कसं

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि आता यातच सगळ्यात मजा येते.

पहिला नियम वजनाचा. एकाच आकाराची दोन संत्री दोन हातांत घ्या. जे जड, ते रसाचं. नागपुरी संत्र्याची साल सैल असतेच, पण आत पोकळ खुळखुळ वाटलं तर ते सुकलेलं. मोसंबी, डाळिंब, कलिंगड सगळ्यांना हाच नियम. डाळिंबाच्या बाबतीत आणखी एक: गोल गरगरीत, चकाकणारं सोडा आणि किंचित कोनेदार, साल खरखरीत झालेलं घ्या. दाणे भरले की ते आतून साल ताणतात, म्हणून त्याला बाजू येतात.

कलिंगडावर टिचक्या मारणं हा पुरुषांचा आवडता कार्यक्रम आहे, मीही मारतो. पण खरी खूण पोटाला असते. शेतात ज्या बाजूवर ते टेकलेलं होतं तिथला डाग पांढरा असेल तर लवकर तोडलंय, लोणकढ्या तुपासारखा पिवळा असेल तर भरलंय.

सीताफळाचे डोळे बघा. डोळ्यांमधल्या रेषा रुंदावून फिकट-पिवळसर झाल्या की दोन दिवसांत पिकतं. रेषा काळ्या आणि डोळे घट्ट मिटलेले असतील तर ते पिकायच्या आधी दगड होतं, पुष्कळदा किडतं. चिकू अंगठ्याने हलकेच खरवडा. खालून हिरवं दिसलं तर अजून कच्चा, चीक घशाला धरतो. पालघरचा घोलवडचा चिकू मिळाला तर दोन जास्त घ्या. पेरूला नाक लावा. हल्ली जाळीच्या टोपीत येणारे मोठाले पेरू दिसायला राजबिंडे असतात, पण वास नसेल तर चव पाणचट. फिकट पिवळा, लहानसा, गाडीच्या दोन पावलं अलीकडेच ज्याचा वास येतो तो पेरू घ्या.

द्राक्षांचा घड देठाला धरून हलका झटका. मणी गळाले तर जुना. देठ हिरवा, तर ताजा. स्ट्रॉबेरीचं खोकं उलटं करून तळ बघा, बुरशी खालून सुरू होते. सफरचंद चमकतंय म्हणून घेऊ नका. मोसमाबाहेरचं सफरचंद कित्येक महिने शीतगृहात राहिलेलं असतं, ते पिठूळ निघण्याची शक्यता जास्त.

हापूसबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. थोडक्यात: अक्षय्य तृतीयेला भाव चढलेले असतात, धीर धरा आणि मे अर्ध्यावर येऊ द्या. देवगड-रत्नागिरीच्या नावाने दुसरीकडचा आंबा सर्रास विकला जातो. पेटीतला पेपर कानडी निघाला की आंबा कर्नाटकचा, हे लोक ओळखायचे, पण विकणारेही आता शहाणे झालेत आणि मराठी पेपर घालतात. ओळखीच्या बागायतदाराकडून अर्धी पेटी दोघांत वाटून घेणं हा माझ्या मते एकच खात्रीचा रस्ता. आणि नुसता आमरस करायचा असेल तर हापूसचा हट्ट सोडा, पायरी घ्या.

६. कोणत्या महिन्यात काय

किवी, ब्लूबेरी, ॲव्होकॅडो बघून घाबरून जाऊ नका. ती चांगलीच असतात, पण आपल्या रोजच्या १०० ग्रॅमला त्यांची गरज नाही. क जीवनसत्त्वात आवळा आणि पेरू संत्र्याच्याही कितीतरी पुढे आहेत आणि दोन्ही हातगाडीवर मिळतात.

केळं आणि पपई बारा महिने, डाळिंबही बहुतेक वर्षभर. हे तिघे तुमचे रोजचे. बाकी मोसमाप्रमाणे पाहुणे. पावसाळ्याच्या तोंडाशी जांभूळ, त्याचे दिवस मोजून थोडे, त्यामुळे दिसलं की घ्या. ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत सीताफळ. थंडी पडली की नागपूरची संत्री, पेरू, आवळा, बोरं, आणि डिसेंबरपासून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. संक्रांतीनंतर नाशिककडची द्राक्षं, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात गोड आणि स्वस्त. उन्हाळ्यात कलिंगड, खरबूज, ताडगोळे, आंबा, करवंदं, फणस. माझा ठोकताळा असा: गाडीवर ज्याचा ढीग सगळ्यात मोठा आणि भाव आठवडाभर उतरतोय, ते त्या महिन्याचं फळ.

७. "केमिकलने पिकवलेलं" या भीतीबद्दल

फोनवर फिरणारा एक मेसेज तुम्हालाही आला असेल: केळ्याचा देठ हिरवा आणि अंग पिवळं असेल तर ते कार्बाइडचं, खाऊ नका. केळीच्या गावचा माणूस म्हणून सांगतो, हे पुरेसं लक्षण नाही. बाजारात येणारी जवळपास सगळी केळी हिरवीच तोडतात. पिकलेला घड तीनशे-चारशे किलोमीटर नेला तर लगदा पोचेल. मग ती थंड खोलीत ठेवून इथिलीन वायू देऊन पिकवतात. फळ स्वतः पिकताना तोच वायू सोडतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो वापरायला परवानगी दिली आहे, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. अशा खोलीतून निघालेल्या केळ्याची टोकं हिरवट असू शकतात.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी ही वेगळी गोष्ट. तिच्यावर २०११ च्या नियमांनी बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. तिचा वापर जास्त होतो तो मोसमाच्या आधी घाईने आणलेल्या आंब्यात. आंबा बाहेरून एकसारखा पिवळाधमक, नाकाला वास नाही, कापला तर आत आंबट आणि पांढुरका, असं असेल तर शंका घ्या. सोपा उपाय: फेब्रुवारीत आंब्याला हात लावू नका. आणि मे महिन्यात कच्चा, पाडाला आलेला आंबा आणून घरी आढी घाला, म्हणजे गवतात पिकत ठेवा. खोलीत गवत कुठलं? प्रत्येक आंबा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. रोज एकदा चाचपून बघा.

८. धुणं आणि ठेवणं

आणल्या आणल्या सगळं धुवून ठेवू नका, ओलावा राहिला की बुरशी धरते. खायच्या आधी वाहत्या नळाखाली, हाताने चोळून. साबण नको, भांड्यांचं लिक्विड तर अजिबात नको. द्राक्षांवरची पांढरी पावडर सगळीच औषधाची नसते. बरीचशी त्यांच्या सालीची स्वतःची असते. तरी द्राक्षबागेत फवारण्या बऱ्याच होतात, म्हणून मणी सुटे करून नीट धुवा. कलिंगड, खरबूज, पपईची साल टाकायची असली तरी कापायच्या आधी धुवा, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते.

ठेवण्याचं गणित एका भेदावर चालतं. केळं, आंबा, चिकू, पपई, सीताफळ तोडल्यावरही पिकतात. ती बाहेर, वाऱ्यावर ठेवायची आणि पिकल्यावर हवं तर एक-दोन दिवस फ्रीजमध्ये. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाहीत. आंबट द्राक्षं आठवडाभर ठेवली तर ती फक्त सुरकुततात. ही फळं सरळ फ्रीजमध्ये. केळं फ्रीजमध्ये काळं पडतं, ते थंडीने. आत बहुतेकदा बरं असतं.

माझी ती पहिली पिशवी का सडली हे आता कळतं. प्लास्टिकमध्ये गाठ मारून पिकलेली केळी, सफरचंद आणि चिकू एकत्र ठेवले होते, फ्रीजच्या गरम डोक्यावर. एकाने सोडलेल्या वायूने दुसरं पिकत गेलं. आता मी रविवारी आणि बुधवारी असं दोनदा घेतो, एका वेळी चारपेक्षा जास्त फळं नाहीत. केळी अर्धी पिवळी, अर्धी हिरवट अशी मागून घ्या. फळवाले देतात, फक्त तोंड उघडून मागावं लागतं. आणि टोपली दाराजवळ ठेवा, चपलांच्या कपाटावर. बाहेर पडताना दिसली तर डब्यात जाते.

९. रस आणि कापलेली फळं

एका ग्लासभर मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. एका बैठकीत चार मोसंबी सोलून खाऊन बघा, दुसरीलाच थांबाल. रसात साखर सगळी येते आणि चोथा गाळणीत राहतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत धरते, हे वाचल्यापासून मी रसाच्या गाड्यावर थांबणं कमी केलं. थांबलोच तर "साखर नको, बर्फ नको."

कापून ठेवलेल्या फळांच्या प्लेटवर पावसाळ्यात तर फुलीच मारा. पाणी कुठलं, सुरी कुठली, कळायला मार्ग नसतो, आणि कावीळ-टायफॉइड अशाच वाटेने येतात. मी एका जुलैमध्ये बसस्टॉपवरची पपई खाऊन चार दिवस अंथरुणात काढले. स्वतःच्या डब्यात कापून नेत असाल तर सकाळी कापलेलं दुपारी चारपर्यंत ऑफिसच्या फ्रीजमध्ये राहू द्या. फ्रीज नसेल तर अख्खं फळ न्या. केळं, पेरू, संत्रं, बोरं यांना सुरी लागतच नाही.

१०. काय अपेक्षा ठेवायची

तीन आठवड्यांत पोट साफ होऊ लागलं. हा बदल पहिला आणि सगळ्यात ठळक. वजन म्हणावं तसं हललं नाही. एचबीए१सी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून त्याआधी पुन्हा तपासून पैसे घालवू नका. माझं पुढच्या खेपेला ५.६ आलं. त्यात फळाचा वाटा किती, रोजच्या चाळीस मिनिटं चालण्याचा किती आणि अर्ध्यावर आलेल्या चहाच्या साखरेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनीही काढलं नाही, सगळंच चालू ठेवा म्हणाले.

उपवासाच्या दिवशी मात्र जपा. आपल्याकडे फलाहार म्हणून जो फराळ होतो त्यात फळ शोधावं लागतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, आणि शेवटी कोपऱ्यात अर्धं केळं. क्रम उलटा करून बघा.

११. तरीही पिकून गेलं तर

जाणारच, कधी ना कधी. बुरशी आलेलं फळ तेवढा भाग कापून खाऊ नका, टाका. नुसतं जास्त पिकलेलं असेल तर पेरूची कोशिंबीर होते, पपई दह्यात कालवता येते, चिकू दुधात. केळ्याचं शिकरण तर आहेच. दूध-केळं विरुद्ध आहार म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही आणि शिकरण सोडायची तयारीही नाही. फक्त त्यात साखर घालू नका, काळे ठिपके पडलेल्या केळ्यात ती असतेच.

आणि चार-पाच केळी एकदमच काळी पडली तर घरी फोन लावा. मी लावला होता. आई म्हणाली, कणीक घे, गूळ घे, केळी कुस्कर, गुलगुले तळ. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग दोनच खा, बाकीचे शेजाऱ्यांना दे." तसंच केलं.